सायकोसिसची जोखीम असलेल्या व्यक्तीच्या जीवनाची गुणवत्ता: एका बहिणीच्या प्रश्नांना उत्तर

आपण लिहिलेले थोडक्यात असे. आपल्या १९ वर्षांच्या धाकट्या भावाला गेले सात-आठ महिने अधूनमधून कुणीतरी नावाने हाक मारल्यासारखे वाटते, वर्गातील मुले आपल्याविषयीच कुजबुजतात असा संशय येतो, आणि थोड्या वेळाने 'छे, मीच काहीतरी मनात घेतले' असे तो स्वतःच म्हणतो. तपासणीनंतर मनोविकारतज्ज्ञांनी सांगितले की त्याला सायकोसिस, म्हणजे वास्तवाशी संबंध सुटून भास आणि खोट्या समजुती खऱ्याच वाटू लागण्याचा आजार, झालेला नाही, मात्र तो होण्याची जोखीम आहे. घरच्यांना हे ऐकून हायसे वाटले, परंतु भाऊ दिवसेंदिवस खोलीतच राहू लागला आहे, मित्र तुटले आहेत, अभ्यास थांबला आहे. आजार नाही तर त्याचे जगणे इतके का खालावले, आजार टाळण्यासाठी आताच औषधे सुरू करावीत का, आणि त्याने यंदाचे शैक्षणिक वर्ष सोडून द्यावे का, असे तीन प्रश्न आपण विचारले आहेत.

आपल्या भावाला मी तपासलेले नाही, त्यामुळे त्याच्याविषयीचे निर्णय त्याच्या डॉक्टरांनीच घ्यायचे आहेत. मात्र या अवस्थेतील, बहुतेक १५ ते २५ वर्षे वयाच्या, मुलामुलींबरोबर मी गेली २२ वर्षे काम करीत आले आहे, आणि आपला पहिला प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक घराने विचारलेला आहे. त्याचे उत्तर आधीच देऊन टाकते. 'जोखीम' हा शब्द उद्याविषयी बोलतो, आपल्या भावाचा त्रास आजचा आहे. त्या त्रासात हाकांचा आणि संशयाचा वाटा असतो, पण बहुतेक वेळा त्याहून मोठा वाटा त्यांच्याभोवती साठत गेलेल्या नैराश्याचा, भीतीचा, एकटेपणाचा आणि आतून ओसरत गेलेल्या उमेदीचा असतो. उपचारांची सुरुवातही तेथूनच व्हायला हवी.

'जोखमीची अवस्था' ही कल्पना तशी फार जुनी नाही. पूर्वी एखाद्याला स्किझोफ्रेनिया, म्हणजे सायकोसिसचा दीर्घकाळ टिकणारा एक आजार, झाल्यानंतर मागे वळून पाहिले की त्याआधीचे वर्ष-दोन वर्षांचे बदल लक्षात येत, आणि त्याला आजाराची पूर्वावस्था म्हटले जाई. पण ती पूर्वावस्था होती हे आजार होऊन गेल्यावरच कळत असे. १९९४ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे पॅट्रिक मॅकगोरी, ॲलिसन युंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजार होण्यापूर्वीच मदत मागणाऱ्या तरुणांसाठी खास दवाखाना सुरू केला आणि त्यासाठी निकष आखले. ते निकष ढोबळमानाने आजही वापरात आहेत. पहिल्या गटात सौम्य स्वरूपाचे भास, संशय किंवा विस्कळीत बोलणे असलेल्या व्यक्ती येतात. त्यांना जे जाणवते त्याविषयी त्यांची पक्की खात्री नसते. दुसऱ्या गटात पूर्ण तीव्रतेची लक्षणे दिसतात, पण ती आठवडाभराच्या आत आपोआप ओसरतात. तिसऱ्या गटात जवळच्या रक्ताच्या नात्यात सायकोसिस असतो आणि त्याबरोबर त्या व्यक्तीच्या रोजच्या कार्यक्षमतेत ठळक घसरण झालेली असते. आपल्या वर्णनावरून आपला भाऊ पहिल्या गटात मोडत असावा, आणि या दवाखान्यांत येणाऱ्यांपैकी बहुसंख्य त्याच गटातील असतात.

आकडे आपल्या वाचनात आलेच असतील, म्हणून तेही सांगते. पाओलो फुसार-पोली आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात जोखमीच्या अवस्थेतील व्यक्तींपैकी एका वर्षात सुमारे २२ टक्के आणि तीन वर्षांत सुमारे ३६ टक्के व्यक्तींना पुढे सायकोसिस झाल्याचे दिसले. त्यानंतर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अधिक अभ्यासांवर आधारलेल्या विश्लेषणात तीन वर्षांचे हेच प्रमाण सुमारे २५ टक्के निघाले. म्हणजे चारांतील तिघांना तेवढ्या काळात सायकोसिस होत नाही. हे आकडे त्रास होतो म्हणून दवाखान्यापर्यंत पोहोचलेल्या व्यक्तींचे आहेत, हेही ध्यानात ठेवावे. १८ देशांतील सर्वसामान्य प्रौढांच्या पाहणीत सुमारे ६ टक्के लोकांनी आयुष्यात कधी ना कधी भास किंवा तत्सम अनुभव आल्याचे सांगितले होते, आणि त्यांतील सुमारे एक तृतीयांश लोकांना तो अनुभव फक्त एकदाच आला होता. नुसती हाक ऐकू येणे आणि जोखमीची अवस्था असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता जीवनाच्या गुणवत्तेकडे येते. मी मुद्दाम 'जीवनमान' हा शब्द वापरत नाही, कारण तो उच्चारताच मराठी वाचकाच्या मनात घर, पगार आणि वीज-पाणी येते. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या निराळी आहे. आपण ज्या संस्कृतीत आणि मूल्यव्यवस्थेत राहतो तिच्या संदर्भात, आणि आपली उद्दिष्टे, अपेक्षा, निकष व चिंता यांच्या संदर्भात, आयुष्यातील आपल्या स्थानाविषयी व्यक्तीला स्वतःला काय वाटते, ती म्हणजे जीवनाची गुणवत्ता. 'स्वतःला काय वाटते' हा त्यातील कणा आहे. या संघटनेची २६ प्रश्नांची प्रश्नावली शारीरिक, मानसिक, सामाजिक संबंध आणि परिसर अशा चार अंगांनी ही जाणीव मोजते, आणि ती व्यक्तीने स्वतः भरायची असते. याउलट १९८४ मध्ये स्किझोफ्रेनियासाठी तयार झालेली एक बहुप्रचलित मापनपट्टी मुलाखत घेणारा तज्ज्ञ भरतो. तिच्यात २१ बाबी आहेत, आणि त्यांत व्यक्ती किती लोकांत मिसळते, किती काम करते, तिला किती उत्सुकता वाटते असे प्रश्न येतात. दोन्हींना 'जीवनाची गुणवत्ता' असेच नाव असले तरी पहिली समाधान मोजते आणि दुसरी बहुतांशी कार्यक्षमता मोजते.

हा फरक केवळ संशोधकांच्या कामाचा नाही. माझ्याकडे येणाऱ्या दोन तरुणांचे उदाहरण देते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. एकीला रोज संध्याकाळी कुणीतरी पुटपुटल्यासारखे ऐकू येत असे, तरी ती नियमित नोकरीवर जात होती, तिची एक जिवाभावाची मैत्रीण होती, आणि प्रश्नावलीत तिने स्वतःच्या जगण्याला बरे गुण दिले होते. दुसऱ्याचे भास इतके पुसट होते की ते आहेत की नाहीत यावर आम्हा सहकाऱ्यांत चर्चा झाली. पण तो वर्षभर घराबाहेर पडला नव्हता आणि 'कशातच काही राहिले नाही' एवढेच बोलत असे. तक्त्यावर पहिलीची जोखीम जास्त होती. मदतीची निकड दुसऱ्याला जास्त होती. नुसत्या लक्षणांच्या तीव्रतेवरून कोण किती वाईट अवस्थेत जगते आहे हे ओळखू पाहणारा डॉक्टर फसतो, आणि सुरुवातीच्या वर्षांत मीही अशी फसले आहे.

संशोधनाचा कौलही त्याच दिशेचा आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात जोखमीच्या अवस्थेतील व्यक्तींची कार्यक्षमता निरोगी समवयस्कांपेक्षा खूपच कमी आढळली, तर सायकोसिस झालेल्यांपेक्षा ती थोडीच बरी होती. जीवनाच्या गुणवत्तेच्या बाबतीत तर सायकोसिस झालेले आणि केवळ जोखीम असलेले यांच्यात लक्षणीय फरक दिसला नाही. त्या लेखाचा रोखच असा होता की ही फक्त जोखमीची स्थिती नसून स्वतंत्रपणे त्रासदायक अशी अवस्था आहे. येथे एक सावधगिरीची नोंद करायला हवी. मेलबर्नच्या निकषांत पुढे कार्यक्षमतेतील घसरण ही सर्वच गटांसाठी अट म्हणून घालण्यात आली. ज्यांची कार्यक्षमता घसरली आहे त्यांनाच गटात घेतल्यावर त्या गटाची कार्यक्षमता कमी दिसणार, यात नवल नाही. परंतु व्यक्तीने स्वतः भरलेल्या प्रश्नावलीतील असमाधानाचा उलगडा केवळ या अटीने होत नाही.

मग तो कशाने होतो? माझ्या मते, आणि उपलब्ध अभ्यासांच्याही मते, पहिले नाव नैराश्याचे घ्यावे लागते. २०१४ मधील विश्लेषणानुसार जोखमीच्या अवस्थेत प्रथम तपासणीस आलेल्यांपैकी सुमारे ४१ टक्के व्यक्तींना नैराश्याचा आणि सुमारे १५ टक्के व्यक्तींना चिंतेचा निदान करण्याइतका विकार होता. जीवनाची गुणवत्ता कोणत्या लक्षणांबरोबर घसरते हे पाहिले तर नैराश्य आणि अभावाची लक्षणे पुढे येतात, भास आणि संशय मागे राहतात. घरच्यांचे लक्ष मात्र नेमके उलटे असते. 'आज काही ऐकू आले का?' हा प्रश्न रोज विचारला जातो, 'आज काही बरे वाटले का?' हा विचारायचा राहून जातो.

अभावाची लक्षणे हा शब्द थोडा उलगडून सांगते. पाठ्यपुस्तकांत त्यांना 'नकारात्मक लक्षणे' म्हणतात, आणि त्या शब्दाने फार घोटाळा होतो, कारण घरच्यांना वाटते की मुलगा नकारात्मक विचार करतो आणि त्याला सकारात्मक विचार करायला शिकवले की झाले. प्रत्यक्षात येथे काहीतरी वजा झालेले असते. एखादी गोष्ट करावीशी वाटणे, ती करताना मजा येईल अशी आधीच कल्पना करता येणे, समोरच्याच्या बोलण्याला चेहऱ्याने आणि आवाजाने प्रतिसाद देणे, हे सारे मंदावते. बाहेरून ते आळसासारखे किंवा उद्धटपणासारखे दिसते. नैराश्य आणि हा अभाव यांत फरक करणे अनुभवी माणसालाही कठीण जाते, आणि अनेकदा दोन्ही एकत्रच असतात. नैराश्यातील माणूस बहुधा दुःखी असतो आणि ते दुःख त्याला बोचते. अभावाच्या लक्षणांत मात्र 'दुःखही नाही, काहीच नाही' असे सांगितले जाते. हा फरक निर्णायक नाही, पण महत्त्वाचा आहे, कारण नैराश्यावर प्रभावी उपचार आहेत आणि अभावाच्या लक्षणांवर औषधांचा गुण अद्याप तोकडाच आहे. म्हणून 'हा त्याच्या जोखमीचाच भाग असेल' असे म्हणून उपचारयोग्य नैराश्य दुर्लक्षित राहणार नाही, याची खात्री डॉक्टरांकडून जरूर करून घ्या.

दुसरे कारण जागृतीचे, म्हणजे आपल्या अनुभवाविषयी स्वतःच शंका घेता येण्याच्या भानाचे, आहे, आणि ते नातेवाइकांच्या लक्षात फार उशिरा येते. पूर्ण सायकोसिस झालेल्या व्यक्तीची आपल्या अनुभवावर खात्री असते. शेजारी कट करीत आहेत असे तिला वाटते, म्हणजे तिच्या दृष्टीने ते करतातच. जोखमीच्या अवस्थेतील व्यक्ती दोन्ही किनाऱ्यांवर एकाच वेळी उभी असते. हाक ऐकू आली आणि ती खरी नव्हती, ही दोन्ही वाक्ये तिला एकदमच खरी वाटतात. त्यामुळे ती सतत स्वतःवर पहारा देते, प्रत्येक आवाज पडताळून पाहते, बोलण्याआधी दहादा विचार करते, आणि दिवसाअखेर थकून जाते. 'मी वेडा होतो आहे का' हा प्रश्न तिच्या मनात जितका धगधगत असतो तितका अनेकदा आजार झालेल्याच्याही मनात नसतो. आपला भाऊ 'मीच मनात घेतले' म्हणतो ही वैद्यकीयदृष्ट्या चांगली खूण आहे, पण ती शाबूत ठेवण्याची मोठी किंमत तो मोजत असेल.

वयाविषयी फार लिहीत नाही, ते आपणांस दिसतेच आहे. पंधरा ते पंचवीस या वयातच शिक्षण, पहिली नोकरी, मैत्री आणि प्रेम यांची जुळवाजुळव होत असते, त्यामुळे या काळात गेलेले एक वर्ष चाळिशीत गेलेल्या वर्षापेक्षा जास्त महाग पडते. समवयस्क पुढे जाताना दिसतात आणि ती तुलना थांबत नाही.

नावाचा परिणाम मात्र विस्ताराने लिहिण्याजोगा आहे. 'तुला जोखीम आहे' हे वाक्य काही तरुणांना दिलासा देते, कारण अनामिक गोंधळाला प्रथमच नाव मिळते आणि मदत आहे हे कळते. इतरांना तेच वाक्य शिक्षेसारखे वाटते, आणि मग ते लोकांपासून दूर राहू लागतात, ते भासांमुळे नव्हे तर लोकांना कळेल या धास्तीने. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ च्या आपल्या निदानसंहितेत या अवस्थेला मुख्य निदानांत न घेता पुढील अभ्यासासाठीच्या भागात ठेवले, त्यामागील वादात कलंकाची आणि अनावश्यक औषधोपचाराची भीती हे मुद्दे होते. माझा स्वतःचा रिवाज असा आहे की मी तरुणाला टक्केवारी प्रथम सांगत नाही. त्याला काय जाणवते, त्याने काय अडते, हे आधी त्याच्या शब्दांत लिहून घेते. मग ताण, झोपमोड, नैराश्य यांनी असे अनुभव कसे वाढतात हे सांगते. आणि तो विचारील तेव्हा आकडा लपवत नाही. 'चारांतील तिघांना तीन वर्षांत होत नाही' आणि 'चारांतील एकाला होतो' ही दोन्ही वाक्ये एकच आहेत, तरी दोन्ही सांगावीत, कारण एकच सांगितले तर त्याला दुसरे स्वतःच काढता येते आणि मग विश्वास जातो.

ज्यांना पुढे सायकोसिस होत नाही त्यांचे काय, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण तो विचारायला हवा होता. अनेक वर्षे संशोधनाचे सारे लक्ष 'झाला की नाही झाला' एवढ्यावर होते आणि 'नाही झाला' हा सुखान्त मानला जाई. नंतर पाठपुरावा केल्यावर दिसले की या व्यक्तींपैकी पुष्कळांना नैराश्य, चिंता किंवा व्यसनाचे विकार चालूच राहतात आणि सौम्य लक्षणेही बऱ्याच जणांत टिकून असतात. म्हणून दोन वर्षे उलटली, आजार झाला नाही, आता सुटलो, असे समजून पाठपुरावा बंद करू नये. त्याच वेळी दुसरी बाजूही सांगते. लक्षणीय संख्येने तरुण या अवस्थेतून बाहेर पडतात, त्यांची लक्षणे ओसरतात, आणि ते शिक्षण-नोकरीत पुन्हा रुळतात.

औषधांच्या प्रश्नाचे उत्तर तुलनेने सरळ आहे. केवळ भविष्यातील सायकोसिस टाळण्यासाठी, सायकोसिस नसलेल्या व्यक्तीला अँटिसायकोटिक, म्हणजे सायकोसिसवरील, औषधे देऊ नयेत, असे उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनमधील 'नाइस' संस्थेची २०१४ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. त्याऐवजी वैयक्तिक बोधात्मक वर्तनोपचार, म्हणजे ज्याला सर्वत्र सीबीटी म्हणतात तो उपचार, आवश्यक तेथे कुटुंबासह, आणि सोबत असलेल्या नैराश्यावर किंवा चिंतेवर त्यांचे प्रमाणित उपचार सुचवतात. वजन वाढणे, गुंगी, हालचालींतील जडपणा हे या औषधांचे दुष्परिणाम स्वतःच जीवनाची गुणवत्ता खाली ओढतात, आणि आधीच उमेद हरवलेल्या मुलाला अधिक सुस्त करणे परवडत नाही. तरीही हा नियम पोलादी नाही. लक्षणे झपाट्याने वाढत असतील किंवा धोक्याचे वर्तन दिसत असेल, तर तज्ज्ञ अल्प मात्रेत आणि मर्यादित काळासाठी त्यांचा विचार करतात. ओमेगा-३ च्या, म्हणजे माशांच्या तेलातील स्निग्धाम्लांच्या, गोळ्यांविषयीही आपण लिहिले आहे. व्हिएन्नातील २०१० च्या एका छोट्या चाचणीने त्यांच्याविषयी मोठी आशा निर्माण केली होती. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांत झालेल्या मोठ्या चाचणीत तो लाभ पुन्हा दिसला नाही.

प्रामाणिकपणे सांगायचे तर सीबीटीचाही गवगवा करू नये. २०१८ मधील एका व्यापक तुलनात्मक विश्लेषणात सायकोसिस रोखण्याच्या बाबतीत कोणताही एक उपचार इतरांपेक्षा निश्चितपणे वरचढ ठरला नाही, आणि जीवनाची गुणवत्ता सुधारण्याचा पुरावा तर आणखी विरळ आहे. मग मी तो का सुचवते? कारण तो त्रासाच्या मुळाशी बोलतो. हाक ऐकू आली ही घटना, आणि 'म्हणजे माझे डोके बिघडले' हा तिचा लावलेला अर्थ, यांना तो वेगळे करतो; आणि भीतीपोटी टाळलेल्या जागा, माणसे, कामे यांच्याकडे व्यक्तीला पायरीपायरीने परत नेतो. माझ्या खोलीत पहिल्या काही बैठकांत भासांविषयी फारसे बोलणे होतच नाही. आठवड्यातून एकदा कुणाला तरी भेटणे, सकाळी ठराविक वेळी उठणे, बंद पडलेली एखादी आवड पंधरा मिनिटांपुरती पुन्हा सुरू करणे, यावर बोलणे होते. मनात इच्छा येईल मग करू, असे या अवस्थेत म्हणून चालत नाही. येथे बहुधा कृती आधी येते आणि इच्छा मागाहून येते.

झोपेकडे स्वतंत्रपणे पाहा. रात्री तीन वाजता झोपणारा आणि दुपारी उठणारा मुलगा शाळा-महाविद्यालय, सूर्यप्रकाश आणि माणसे या तिन्हींना मुकतो, आणि झोपमोडीने संशय व भास वाढतात हेही पक्के ठाऊक आहे. गांजाविषयी त्याला न रागावता विचारा. विशेषतः रोज आणि तीव्र प्रतीचा गांजा ओढणाऱ्यांत सायकोसिसचे प्रमाण जास्त आढळते, आणि तो सोडणे हे धोका कमी करण्याचे हाती असलेले मोजके उपाय आहेत त्यांपैकी एक आहे. ताण हलका करण्यासाठीच तो सुरू केला असे अनेक जण सांगतात, म्हणून त्या ताणावर दुसरा उपाय हाती दिल्याशिवाय नुसती बंदी टिकत नाही.

एक गोष्ट स्पष्ट शब्दांत लिहिणे माझे कर्तव्य आहे. या अवस्थेत आत्महत्येचे विचार वारंवार आढळतात. भावाला एकांतात, शांतपणे आणि थेट विचारा: जगणे नकोसे वाटते का, स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का. विचारल्याने असे विचार मनात पेरले जात नाहीत, उलट बहुतेकांना ओझे हलके झाल्यासारखे वाटते. उत्तर होकारार्थी असेल, आणि विशेषतः त्याने काही बेत आखला असेल, तर त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी तातडीची वैद्यकीय मदत घ्या. तसेच संशयाची जागा खात्रीने घेतली, 'मीच मनात घेतले' हे वाक्य येणे बंद झाले, आवाज दिवसभर ऐकू येऊ लागले, तो त्यांच्या सांगण्यावरून वागू लागला किंवा सलग काही रात्री झोपलाच नाही, तर पुढच्या नेमलेल्या तारखेची वाट न पाहता काही दिवसांच्या आतच डॉक्टरांना भेटा. सायकोसिस सुरू झाल्यापासून उपचार मिळेपर्यंतचा काळ जितका लांबतो तितके पुढचे बरे होणे अवघड होते. नियमित पाठपुराव्याचा सर्वांत निर्विवाद फायदा हाच आहे की हा काळ महिन्यांऐवजी दिवसांवर येतो.

घराचा वाटा किती, असे आपण अप्रत्यक्षपणे विचारले आहे. घरामुळे हे झाले असे समजू नका. पण घरातील बोलण्याच्या सुराने पुढची वाट सोपी किंवा अवघड होते, हे निश्चित. डेव्हिड मिक्लोविट्झ आणि सहकाऱ्यांच्या २०१४ मधील चाचणीत सहा महिन्यांत १८ कौटुंबिक बैठका मिळालेल्या तरुणांची सौम्य लक्षणे, केवळ तीन माहितीपर बैठका मिळालेल्यांपेक्षा अधिक कमी झाली. त्या बैठकांत काय शिकवतात? अवस्थेची माहिती, ऐकून घेण्याची आणि विनंती करण्याची पद्धत, आणि वाद न घालता अडचण सोडवण्याच्या पायऱ्या. आपण घरी एवढे करू शकता: हाक खरी होती की खोटी यावर वाद घालू नका, 'तेव्हा तुला कसे वाटले' हे विचारा, त्याच्यादेखत नातेवाइकांना त्याची प्रगती सांगू नका, आणि आठवड्यातून काही वेळ असा राखा की त्यात त्याच्या तब्येतीचा विषय निघणारच नाही. आपण त्याची बहीण आहात, त्याची परिचारिका होऊ नका. परिचारिका त्याला दुसरी मिळेल.

आता वर्ष सोडण्याविषयी. सर्वांना लागू पडेल असे उत्तर माझ्याकडे नाही, पण माझा कल सांगते. तीव्र नैराश्य किंवा आत्महत्येचा धोका असेल तर काही आठवड्यांची पूर्ण विश्रांती योग्यच आहे. एरवी पूर्ण वर्ष सोडणे हा निर्णय पहिल्या दिवशी जितका सुटकेचा वाटतो तितका तिसऱ्या महिन्यात वाटत नाही. परीक्षेचा ताण जातो, पण त्याबरोबर उठण्याचे कारण, ठरलेली वेळ आणि उरलेसुरले ओळखीचे चेहरेही जातात, आणि परतीचा रस्ता दर आठवड्याला थोडा उंच होत जातो. शक्य असेल तेथे मी विषय कमी करणे, परीक्षेला जादा वेळ मागणे, अर्धवेळ हजेरी ठेवणे असे मधले मार्ग सुचवते, आणि सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा बसून आढावा घेते. निर्णय त्याच्याशिवाय घेऊ नका, आणि 'वर्ष सोडायचे का' असा हो-नाहीचा प्रश्नही त्याला विचारू नका, कारण या अवस्थेत 'सोडायचे' हे उत्तर सर्वांत कमी श्रमाचे असते. कोणता विषय सोडावासा वाटत नाही, एवढे विचारा. एका विषयाचे नाव जरी आले, तरी तेवढ्यापुरते त्याचे नाव पटावर ठेवण्याची विनंती महाविद्यालयाला करून पाहता येते, आणि त्यासाठी लागणाऱ्या वैद्यकीय प्रमाणपत्रावर 'सायकोसिस' हा शब्द लिहिण्याची सहसा गरज नसते. तेवढे डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा.